पायलटची शिडी : बंदरसुरक्षेतला सर्वांत कच्चा दुवा

साडेतीनशे-चारशे मीटर लांबीचे कंटेनर जहाज न्हावा-शेव्याकडे वळते तेव्हा त्याच्या ब्रिजवर रडार, इलेक्ट्रॉनिक नकाशे, उपग्रहावरून क्षणोक्षणी मिळणारे स्थान, असे सगळे हाताशी असते. ते जहाज धक्क्यापर्यंत नेणारा माणूस, म्हणजे पायलट, मात्र दोन दोरांत ओवलेल्या लाकडी पायऱ्यांवरून, चालत्या लाँचवरून चालत्या जहाजावर चढतो. मुंबई असो, हॅम्बुर्ग असो किंवा न्यूयॉर्क, पद्धत हीच आहे.

जगाच्या व्यापारातला ऐंशी टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. त्यातले जवळजवळ प्रत्येक मोठे जहाज बंदरात शिरताना आणि निघताना पायलटच्या हाताखालून जाते. तरीही या माणसाचे काम, त्याची साधने आणि त्याच्या जिवाची काळजी यांविषयी किनाऱ्यावर फारसे कोणी बोलत नाही. या तिन्ही बाजू एकत्र पाहिल्या तर एक गोष्ट स्पष्ट होते. जहाज वाचवण्याच्या साधनांत गेल्या पन्नास वर्षांत अफाट सुधारणा झाली. पायलटला वाचवण्याच्या साधनांत त्यामानाने फारच थोडी.

जहाज कॅप्टनचे, पाणी पायलटचे

कॅप्टनला आपले जहाज ठाऊक असते, पायलटला आपले पाणी. कॅप्टन या आठवड्यात कोलंबोला, पुढच्या आठवड्यात जेबेल अलीला असतो. कुठल्या बोयापाशी ओहोटीचा ओढा आडवा लागतो, कुठे गाळ साचतो, कोणत्या वाऱ्यात कोणता धक्का त्रास देतो, हे रोज त्याच पाण्यात वावरणाऱ्यालाच कळते. म्हणूनच बहुतेक देशांत पायलट घेणे सक्तीचे आहे. आपल्याकडे १९०८ च्या भारतीय बंदरे कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार, जिथे ते कलम लागू केले होते त्या बंदरांत, २०० टनांच्या किंवा त्याहून मोठ्या जहाजाला पायलट किंवा हार्बर मास्टर यांच्याशिवाय हलता येत नसे. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या भारतीय बंदरे कायद्याने घेतली.

पायलट ब्रिजवर आला म्हणून कॅप्टनची जबाबदारी संपत नाही. पायलट जहाजाची दिशा आणि वेग सांगतो, सुकाणूवरचा खलाशी ते हुकूम पाळतो. पण जहाजाचा अधिकार कॅप्टनकडेच राहतो आणि पायलट चुकतो आहे असे वाटले तर त्याने हस्तक्षेप करणे अपेक्षित असते. पनामा कालवा हा याला मोठा अपवाद. तिथे जहाज चालवण्याचा ताबा पायलटकडे जातो.

दोघांची पहिली पाच-दहा मिनिटे सर्वांत मोलाची. कॅप्टन ‘पायलट कार्ड’ पुढे करतो : लांबी, रुंदी, जहाज पाण्यात किती मीटर बुडाले आहे, इंजिनाच्या कोणत्या हुकमाला किती वेग मिळतो, काही बिघाड आहे का. पायलट सांगतो : भरती किती, टग (ओढबोटी) किती आणि कुठे बांधायचे, समोरून कोण येते आहे, धक्क्याला कोणती बाजू लागणार. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००३ मध्ये पायलटांचे प्रशिक्षण आणि कार्यपद्धती यांविषयी केलेल्या शिफारशींत या देवाणघेवाणीला मध्यवर्ती स्थान दिले आहे. ती घाईत उरकली तर काय होते, ते पुढे येईलच.

तळ जवळ आल्यावर

मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. हे कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. खोल बुडालेल्या जहाजासाठी याचा अर्थ असा, की आत येण्याची वेळ पाणी ठरवते. ती वेळ रात्री दोनला आली तर पायलटही रात्री दोनलाच चढतो. या नोकरीतला थकवा मोजताना हे विसरता येत नाही : शरीराला सवय लागेल अशी ठरावीक पाळीच नसते.

उथळ पाण्यात जहाजाचे वागणेही बदलते. तळाशी पाणी चेपले गेले की ते वेगाने मागे सरकते, दाब कमी होतो आणि जहाज खाली बसते. हे बसणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ढोबळ हिशेब असा, की जहाजाच्या पोटाच्या भरीवपणाच्या आकड्याला नॉटमधल्या वेगाच्या वर्गाने गुणायचे आणि शंभराने भागायचे; उत्तर मीटरमध्ये येते. भरलेल्या तेलवाहू जहाजासाठी तो आकडा ०.८ धरला तर ६ नॉटला जहाज सुमारे २९ सेंटिमीटर बसते आणि १२ नॉटला सुमारे १.१५ मीटर. अरुंद खाडीत हे दुपटीपर्यंत जाते. तळाखाली दीड मीटर पाणी उरले असेल, तर नुसता वेग वाढवणे म्हणजे तळाला टेकणे. काठ जवळ असेल तर जहाजाची मागची बाजू काठाकडे ओढली जाते आणि नाळ उलट दिशेला फेकली जाते. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ आडवे होऊन सहा दिवस अडकले, तेव्हा जोरदार वाऱ्याबरोबर काठाच्या या परिणामाचीही चर्चा झाली. त्या जहाजावर कालव्याचे दोन पायलट होते आणि सगळे पंचवीस खलाशी भारतीय होते.

मुंबईच्या इंदिरा गोदीचे उदाहरण घ्या. ही गोदी १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी म्हणून सुरू झाली. आत जायला लॉक, म्हणजे दरवाजे असलेली अरुंद वाट, आहे; त्याची रुंदी सुमारे साडेतीस मीटर. सत्तावीस मीटर रुंदीचे जहाज त्यातून न्यायचे तर दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेदोन मीटर उरतात. हजारो टनांचे जहाज, आडवा वारा, बाहेर वाहणारे पाणी, आणि लॉकच्या तोंडाशी ओढा अचानक थांबतो. जहाजाची नाळ स्थिर पाण्यात शिरलेली असते, मागचा भाग अजून ओढ्यात असतो. या क्षणी सुकाणू किती आणि कधी फिरवायचे, मागच्या टगला कधी ओढायला सांगायचे, हे पुस्तकात वाचून येत नाही. आधी लहान जहाजे, मग मध्यम, मग मोठी, अशा पायऱ्या चढत ते अंगात मुरते.

याच विद्येची भारतातली सर्वांत कठीण शाळा हुगळीवर आहे. नदीच्या मुखाबाहेरच्या सँडहेड्सपासून कोलकात्याच्या गोदीपर्यंतची वाट सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, जगातल्या लांब पायलट-मार्गांपैकी एक. तिथली पायलट सेवा ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकात सुरू केली. वाळूचे दांडे जागा बदलतात, भरतीची लाट भिंतीसारखी नदीतून वर येते. १६९४ मध्ये बुडालेल्या जहाजाच्या नावाने ओळखला जाणारा ‘जेम्स अँड मेरी’ दांडा पिढ्यान्‌पिढ्या जहाजांचा काळ ठरला. याच हुगळीवर २०१८ मध्ये रेश्मा निलोफर नाहा या देशातल्या पहिल्या महिला नदी-पायलट म्हणून पात्र ठरल्या. नारीशक्ती पुरस्काराने त्यांचा गौरव झाला.

पिशवीतले आणि पाण्यावरचे बळ

आजच्या पायलटच्या पिशवीत टॅबलेट किंवा लॅपटॉप असतो आणि त्याला जोडलेला स्वतंत्र अँटेना. ही पोर्टेबल पायलट युनिटची जोडणी. जहाजाच्या स्वतःच्या उपकरणांवर विसंबून न राहता ती जहाजाचे स्थान, आडवे सरकणे आणि वळण्याचा वेग दाखवते. चांगल्या संचात अचूकता काही सेंटिमीटरपर्यंत जाते. पुढच्या दोन मिनिटांत जहाज कुठे असेल याची आकृती पडद्यावर दिसते. लांबलचक जहाजाच्या ब्रिजवरून नाळेजवळचे पाणी दिसतच नाही, तेव्हा हे साधन डोळ्यांना मोठा आधार देते.

हातात व्हीएचएफ रेडिओ असतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला टगचे तांडेल. आजचे टग कोणत्याही दिशेला जोर लावू शकतात. पन्नास-साठ टन ओढ देणारा टग चुकीच्या वेळी ओढू लागला तर तोच संकट होतो, म्हणून पायलट आणि टग यांची जोडी जुळलेली लागते.

प्रशिक्षणासाठी सिम्युलेटर आहेत. फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळ पोर्ट रेव्हेल इथे १९६७ पासून एक तळेच या कामाला वाहिलेले आहे. तिथे खऱ्या जहाजाच्या एक-पंचविसांश आकाराच्या, आत माणसे बसतील अशा प्रतिकृती चालवतात. त्या प्रमाणात काळ पाचपट वेगाने सरकतो, त्यामुळे चूक लवकर घडते आणि पुन्हा पुन्हा सुधारता येते. तिथे चूक झाली तर एका प्रतिकृतीवर ओरखडा उठतो. बंदरात झाली तर पूल पडतो.

दोन दोर आणि काही फळ्या

एवढ्या सगळ्या तयारीनंतर पायलट जहाजापर्यंत पोहोचतो तो लाँचने. रात्री लाँचवर वर पांढरा आणि खाली तांबडा दिवा असतो. जहाज वेग उतरवून सहा-आठ नॉटवर येते आणि थोडे वळून शिडीच्या विरुद्ध बाजूची कूस वारा-लाटांकडे करते, म्हणजे शिडीच्या बाजूला शांत पाण्याचा आडोसा तयार होतो. लाँच जहाजाच्या पोटाला चिकटून त्याच वेगाने धावते.

मग तो क्षण येतो. लाँच लाटेवर वर चढते, खाली जाते, पुन्हा चढते. पायलट लाँचच्या डेकवर उभा राहून लाटांचा ताल पाहतो आणि लाँच सर्वांत वर आलेली असताना शिडी धरतो. पायऱ्यांना नव्हे, बाजूच्या दोरांना धरायचे असते. त्याच क्षणी भरभर दोन-तीन पायऱ्या वर जायचे. एक क्षण उशीर झाला तर पुढच्या लाटेने वर येणारी लाँच पाय चिरडते. लाट खाली जात असताना पाय टाकला तर माणूस लोंबकळत राहतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे लागले की हा ताल बिघडतो आणि हेच दोन सेकंद जिवावरचे होतात.

शिडीची रचना समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारातील पाचव्या प्रकरणाच्या २३ व्या नियमात आणि त्याच्या जोडीच्या शिफारशींत बारकाईने ठरली आहे. दोन पायऱ्यांतले अंतर ३१० ते ३५० मिलिमीटर. खालच्या चार पायऱ्या रबरी चालतात. शिडी पिळून उलटू नये म्हणून मधूनमधून किमान १.८ मीटर लांबीच्या आडव्या फळ्या, त्यातली सर्वांत खालची पाचव्या पायरीवर. चढण ९ मीटरपेक्षा जास्त, म्हणजे तीन मजल्यांच्या वर असेल तर नुसती शिडी चालत नाही. वर जहाजाचा तिरपा जिना आणि खाली दोरांची शिडी अशी जोडणी करावी लागते. जिना ४५ अंशांपेक्षा उभा नको, त्याची खालची फळी पाण्यापासून किमान ५ मीटर वर हवी आणि जिना व शिडी दोन्ही जहाजाच्या कुशीला घट्ट बांधलेली हवीत. शेजारी दिवा असलेली जीवरक्षक चकती, रात्री पुरेसा उजेड आणि ब्रिजशी संपर्क असलेला एक जबाबदार अधिकारी, हेही सक्तीचे. यांत्रिक पाळण्याने पायलटला वर ओढण्याची पद्धत २०१२ पासून बंद झाली आहे.

पायलटच्या अंगावर आपोआप फुगणारे लाइफजॅकेट, त्यावर दिवा, आपले स्थान कळवणारा बीकन, पकड देणारे बूट आणि हातमोजे असतात. पिशवी पाठीवर न घेता दोरीने वर ओढून घेतात, म्हणजे हात मोकळे राहतात. ही साधने तो पडल्यावर कामी येतात. पडूच नये यासाठीचे साधन मात्र एकच, ती शिडी, आणि ती त्याची स्वतःची नसते. अनोळखी जहाजावरच्या अनोळखी माणसांनी ती बांधलेली असते.

काय घडले, कशामुळे घडले

पायलटांच्या जागतिक संघटनेच्या वार्षिक सुरक्षा-पाहण्यांत वर्षानुवर्षे तेच चित्र दिसते : तपासलेल्या दर सात-आठ व्यवस्थांमागे साधारण एक सदोष. तुटक्या पायऱ्या, तिरक्या फळ्या, कुजलेले दोर, लोखंडी शॅकलने अडकवलेली शिडी, पायात अडकेल अशी ओढदोरी. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस न्यूयॉर्कबाहेर ‘मर्स्क केन्सिंग्टन’वर चढताना एका अनुभवी पायलटचा पडून मृत्यू झाला. तिथे जिन्याच्या खालच्या फळीतल्या झडपेतून वर यायची व्यवस्था होती. अशा जोडणीत शिडी झडपेतून वर, हाताला पकड मिळेल इतकी आलेली नसेल, तर चढणाऱ्याला ऐन शेवटी स्वतःचे वजन हातांवर ओढून घ्यावे लागते आणि थकलेले हात तिथेच सुटतात. लाँचवरच्या माणसांचा जीवही तितकाच टांगलेला असतो. डिसेंबर २०१७ मध्ये फिनलंडच्या किनाऱ्यापाशी एका टँकरजवळ पायलट लाँच उलटून तिच्यावरचे दोघे बुडाले.

जहाजांच्या अपघातांतही पायलटचा प्रश्न वारंवार येतो. नोव्हेंबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दाट धुक्यात ‘कॉस्को बुसान’ पुलाच्या खांबावर घासले आणि सुमारे दोन लाख लिटर इंधनतेल खाडीत गेले. पायलट घेत असलेली औषधे आणि कॅप्टन-पायलट यांच्यातली अपुरी देवाणघेवाण ही चौकशीत पुढे आलेली कारणे. म्हणजे वैद्यकीय तपासणी आणि ती पहिली पाच मिनिटे हीसुद्धा सुरक्षेची साधनेच आहेत.

याची दुसरी बाजू बाल्टिमोरने दाखवली. २६ मार्च २०२४ च्या पहाटे ‘डाली’ जहाजाची वीज गेली, तेव्हा पायलटांच्या हाती सुमारे चार मिनिटे होती. त्यांनी टग मागितले, नांगर टाकायला लावला आणि समोरच्या पुलावरची वाहतूक थांबवण्याचा निरोप धाडला. पूल कोसळला, त्यावर काम करणारे सहा मजूर गेले. पण वाहने वेळेत अडवली गेल्याने बळींचा आकडा तिथेच थांबला.

आपल्या दारातला धडा ७ ऑगस्ट २०१० चा. मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली. शेकडो टन तेल पसरले, कंटेनर पाण्यात वाहू लागले, मुंबई आणि जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली आणि ऐन हंगामाच्या तोंडावर मुंबई-रायगडच्या कोळीवाड्यांची मासळी संशयात सापडली. एकाच वाटेने दोन बंदरांची जहाजे ये-जा करतात, तिथे पायलट, कंट्रोल टॉवर आणि कॅप्टन यांच्यातला एक सुटलेला निरोप किती महाग पडू शकतो, हे त्या दिवसांनी दाखवले.

नियम असूनही शिडी वाईट का?

कारणे साधी आहेत. शिडी जहाजाच्या खर्चात नगण्य, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. उन्हात आणि खाऱ्या पाण्यात दोर आतून कुजतो, बाहेरून ठीक दिसतो. ती बांधतात रात्रपाळी करून थकलेले खलाशी, पुष्कळदा नीट न शिकवता. आणि पायलटवर दडपण असते. शिडी नाकारली तर जहाज थांबते, भरती निघून जाते, धक्का रिकामा राहतो, एजंटचे फोन सुरू होतात. ‘आजच्या पुरते चालवून घ्या’ हे वाक्य कागदावर कुठेच सापडत नाही, पण किती तरी पडझडींच्या आधी ते बोलले गेलेले असते.

पर्यायांचाही विचार झाला आहे. डर्बन आणि युरोपातल्या काही बंदरांत हेलिकॉप्टरने पायलट उतरवतात. ते महाग आहे आणि त्याचे स्वतःचे धोके आहेत. फिनलंडने २०१९ मध्ये कायदा बदलून किनाऱ्यावरून पायलटिंग करण्याची वाट मोकळी केली. तांत्रिक प्रगती पाहता हा प्रयोग पुढे जाईल. पण वीज गेलेल्या जहाजावर, गोंधळलेल्या खलाशांच्या शेजारी उभे राहून निर्णय घेणारा माणूस पडद्यापलीकडून तेच काम करू शकेल, असे आज म्हणता येत नाही. येत्या अनेक वर्षांत पायलट शिडीनेच चढणार आहे. मग शिडीच सुधारायला हवी.

त्या दिशेने एक ठोस पाऊल पडले आहे. जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २३ व्या नियमात दुरुस्ती केली. ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होईल. शिडीची रचना, बांधणी, तपासणी आणि नोंदी यांचे मानक आता बंधनकारक होते आहे. उत्पादनापासून ३६ महिने किंवा वापरात आल्यापासून ३० महिने, यांतले जे आधी येईल तेव्हा शिडी बाद करावी लागेल.

आता आपल्याकडे

२०२८ ची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मुंबई, जवाहरलाल नेहरू आणि मुरगाव या बंदर प्राधिकरणांना, तसेच जयगड-दिघीसारख्या खासगी बंदरांना, चार गोष्टी आजच करता येतील. पायलटने शिडी नाकारली तर त्याला एका शब्दानेही जाब विचारला जाणार नाही, असे लेखी धोरण. नाकारलेल्या शिडीचे छायाचित्र त्याच दिवशी नौवहन महासंचालनालयाकडे आणि जहाजाच्या ध्वजदेशाकडे. तेच जहाज पुन्हा आले तर आधी शिडीची तपासणी, मग धक्का. आणि लाँचवर पाण्यात पडलेल्या माणसाला वर घेण्याचे साधन, त्याच्या नियमित सरावासह. पालघरजवळ वाढवणला ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालेले बंदर उघड्या समुद्राच्या तोंडावर उभे राहते आहे आणि तिथे जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजे यावीत अशी योजना आहे. तिथल्या लाँच, तिथले पायलट आणि पावसाळ्यातली चढण यांचा विचार धक्क्यांच्या आराखड्याइतकाच आधी व्हायला हवा.

शेवटचे सांगणे कोकणातल्या घरांना. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि गोव्यातली किती तरी मुले जगभरच्या जहाजांवर डेकवर काम करतात; जुन्या पिढीत सारंग होते, आज बोसन आहेत. शिडी कुशीला लावणारे, दोर घट्ट करणारे हात बऱ्याचदा त्यांचेच असतात. शिडी लावण्याआधी दोर तपासा, पायऱ्या आडव्या आहेत का पाहा, दिवा आणि चकती जागेवर आहे का बघा, आणि जुनी शिडी बदलून द्या असे अधिकाऱ्याला निःसंकोच सांगा. त्या शिडीने चढणारा माणूस तुमच्या ओळखीचा नसेल, पण तुमचे जहाज सुखरूप धक्क्याला लावण्यासाठीच तो वर येत असतो.